जाधव बाईंची झोप

जाधव बाई वह्या उभ्यानं तपासायच्या. टेबलावर गठ्ठा, हातात लाल पेन आणि खुर्ची भिंतीकडं सरकवलेली. कळंबजवळच्या त्या शाळेत मी मुख्याध्यापक म्हणून रुजू झालो तेव्हा म्हणालो, "बसा की, बाई." त्या हसल्या. "बसलं की संपलं, सर." मला वाटलं, बाई शिस्तीच्या आहेत.

एका दुपारी चाचणी परीक्षा चालू होती. चौथीच्या वर्गावरून जाताना पाहिलं, तर बाई खुर्चीत बसलेल्या, डोकं भिंतीला टेकलेलं, तोंड किंचित उघडं. मुलं गुपचूप पेपर लिहीत होती. हाक मारली असती तर बाई उठल्या असत्या. मी खिशातून मोबाईल काढला. फोटो शिक्षकांच्या ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं, 'आदर्श पर्यवेक्षण.' खाली हसऱ्या तोंडांची रांग लागली. खरं सांगतो, मला बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी बाई ऑफिसात आल्या. भांडतील म्हणून मी तयारीत होतो. त्या एवढंच म्हणाल्या, "फोटू चांगला आलाय, सर. लई दिवसांनी सोताला निवांत झोपलेलं बघितलं."

चार दिवसांत तो फोटो गावभर फिरला. एक पालक मोबाईल घेऊनच दारात उभा राहिला. "गुरुजी, मास्तरनीची झोप बघायला लेकरं पाठवतो व्हय आमी?" फोटो कुणी काढला हे त्याला ठाऊक नव्हतं, आणि मी सांगितलं नाही. त्याच्यासमोरच बाईंना बोलावून मी लेखी खुलासा मागितला. उत्तर दोन ओळींचं आलं : 'झोप लागली हे खरे आहे. पुन्हा लागू देणार नाही.' घरचं एक अक्षर नाही.

घर मला नंतर कळलं. निवडणुकीच्या कामाचं पत्र द्यायला एका रविवारी त्यांच्याकडं गेलो. ओसरीवर सासूबाई बसल्या होत्या आणि त्यांच्या मनगटाला जुन्या लुगड्याची लांब पट्टी बांधलेली होती. म्हातारीची आठवण गेली होती. रात्री अडीचला, उजाडलं म्हणून उठायची आणि शेताची वाट धरायची. बाईंचा नवरा ट्रकवर, महिन्यातून दोनदा घरी. म्हणून पट्टीचं दुसरं टोक रात्री बाईंच्या हाताला.

"वढ बसली की जाग येती," चहा ठेवता ठेवता बाई म्हणाल्या. "न्हाय बसली तरी येती. आता बसंल, मग बसंल, म्हणून डोळाच लागत न्हाय."

दोन वर्षं हे चाललं होतं. मी चहा प्यालो, पत्र दिलं आणि निघालो. फोटोचं नाव काढलं नाही.

पुढं माझ्या बायकोच्या ऑपरेशनची तारीख ठरली आणि माझी झोप उडाली. चहावर दिवस ढकलत होतो. एकदा हजेरीपटावर भलत्याच रकान्यात सह्या केल्या. ते बाईंनी पाहिलं.

"झोप न्हाय ना, सर? अंथरुणात मोबाईलवर आजाराचंच वाचत बसता व्हय?"

मी टेबलावरचा मोबाईल पालथा ठेवला.

"ते बंद करा. चारनंतर चहा घेऊ नका. आन् वहिनींशी दिवसाउजेडी बोला. भीती दाबून पडलं की ती अंथरुणात बोलायला लागती." मग थांबून म्हणाल्या, "आता सुट्टीत इथंच जरा डोळं मिटा. मी दारात हाय. कुणी आत येणार न्हाय."

मी वीस मिनिटं गाढ झोपलो. जागा झालो तेव्हा बाई दाराबाहेर, आत पाठ करून उभ्या होत्या.

"बाई," मी म्हणालो, "तो फोटो, तो खुलासा... माझं चुकलं."

त्यांनी वळून पाहिलं. "खुलाशाचं काय न्हाय, सर. झोप लागली ते खरंच होतं. पर का लागली, हे तुम्ही एकदा तोंडानं इचारलं असतं तर..." घंटा झाली. त्या वर्गावर गेल्या.

त्याच उन्हाळ्यात त्यांची नळदुर्गकडं बदली झाली. फोटो मीच काढला होता आणि बाई का दमल्या होत्या, हे निरोपाच्या कार्यक्रमात गावासमोर सांगायचं, असं मी ठरवून गेलो होतो. उभा राहिलो, बाईंना 'कर्तव्यदक्ष' म्हणालो, टाळ्या झाल्या आणि खाली बसलो.

बाकीचं सांगायचं राहून गेलं, असं नाही. मी सांगितलं नाही.