सरक्याची आठ दिवसांची शिकवणी

गोवर्धनला सगळं जमायचं. संत्र्याची कलमं बांधणं, विहिरीतला गाळ काढणं, बैलाच्या पायातला काटा ओळखणं. जमत नव्हतं ते एकच, कुणाला ‘नाही’ म्हणणं. त्यातून समोरच्याच्या अंगावर खाकी असली तर विचारूच नका. एस.टी.चा कंडक्टर असो की कोंडवाड्याचा शिपाई, गोवर्धनचे हात आपोआप जोडले जायचे. बायको मनकर्णा म्हणायची, “यायले कोनी सांगतलं का आज सूर्य अचलपुराकून उगवला, तं हे म्हन्तीन, व्हय बाप्पा, मले बी तसंच वाटलं.”

अचलपूरच्या रस्त्याला लागून त्यांची दोन एकर संत्र्याची बाग होती. बागेला राखणदार दोन. एक गोवर्धन, दुसरा सरक्या. धामणगावच्या एका जिनिंगमागे, सरकीच्या ढिगात हे पिल्लू गोवर्धनला सापडलं होतं, म्हणून नाव सरक्या. टोपीत घालून आणलं तेव्हा मुठीएवढं होतं. मोठं झाल्यावर त्याचा आवाज असा निघाला, की तो एकदा भुंकला की वानरांची टोळी गाविलगडाच्या डोंगराकडे तोंड करून सुटायची.

खोड एवढीच, की भुंकताना सरक्या वानर आणि पाहुणा यांत फरक करत नसे. दिवाळीनंतर मुलीचे सासरे पंजाबराव बाग पाहायला आले. सरक्या त्यांना चावला नाही. उगाच खोटं कशाला बोला? त्यानं फक्त धोतराचा सोगा धरला. पंजाबराव पुढे निघाले, सोगा मागे राहिला.

“इवाई,” धोतर सावरत पंजाबराव म्हणाले, “कुत्रं शिकवलेलं पायजे. अचलपुरात एक कप्तान आला हाय. मिल्ट्रीचे कुत्रे शिकवते म्हन्तात. आठ दिवसांत कुत्र्याचा मानूस करून देते.”

“अन मानसं कोनती मोठी गुनाची असतात जी?” मनकर्णा चुलीपासून बोलली. पण इवाई बोलले म्हणजे गोवर्धनसाठी कायदा झाला.

कप्तान म्हणजे देवीदास नावाचा एक गडी. खाकी विजार, गळ्यात शिटी. कोणत्या पलटणीत होता हे कुणी विचारत नसे. विचारायचं सुचूच नये अशी मिशी होती.

“काटेरी पट्टा घालतो याला,” कप्तान म्हणाला. “जातवान कुत्र्याचा दागिना आहे तो.”

हे ऐकून गोवर्धनची छाती वीतभर फुगली. आता हे समजून घ्यायला पाहिजे. मेळघाटच्या पायथ्याला धनगरांचे वाडे उतरत, त्यांच्या कुत्र्यांच्या गळ्यात खिळ्यांचे पट्टे असत. टोकं बाहेरून, चांगली बोटभर. बिबट कुत्र्याचं नरडं धरतो, म्हणून ती सोय. बिबटानं तोंड घातलं की त्याच्याच जबड्यात खिळे. त्या मुलखात काटेरी पट्टा म्हणजे कुत्र्याची शाबासकी. आपल्या सरक्यालाही तसा पट्टा मिळणार, ह्या आनंदात गोवर्धननं टोपलीभर संत्री कप्तानाच्या पुढ्यात ठेवली.

“आठ दिवस इकडे फिरकायचं नाही. मालक दिसला की शिकवण नासते,” कप्तानानं बजावलं.

गोवर्धन फिरकला नाही. नवव्या दिवशी गेला तर सरक्या खांबाशी बसलेला, गळ्यात नवाकोरा चामडी पट्टा. काटे काही दिसेनात, नुसत्या पितळी फुल्या चमकत होत्या. शहरची कारागिरी, गोवर्धनच्या मनात आलं. टोकं घासून गुळगुळीत केली असतील.

“ऐकलं नाही तर साखळीला एक हिसका,” कप्तान म्हणाला. “दुखत नाही. फक्त समजतं.”

गावात पाराजवळ सरक्याचा खेळ झाला. ‘बैठ’ म्हणायच्या आधीच सरक्या बसला. ‘चूप’ म्हणायची गरजच पडली नाही. लोक म्हणाले, वा रे पठ्ठ्या! गोवर्धन नवरदेवासारखा सगळ्यांकडे पाहत होता. मनकर्णा मात्र शेपटीकडे पाहत होती. “हा बसून नाही राह्यला जी,” ती म्हणाली, “हा दबून राह्यला.”

दुसऱ्या दिवशी दुपारी वानरं आली.

“सरक्या, छू!”

सरक्या जागचा हलला नाही. शिकवण आठवून गोवर्धननं साखळीला एक हिसका दिला. सरक्या चिरक्या आवाजात केकाटला, जमिनीला चिकटला आणि त्याच्याखालची माती ओली झाली. दोन झाडं सोडून एक दांडगा हुप्प्या बांधावर येऊन बसला आणि सरक्याकडे बघत बघत सावकाश संत्रं सोलू लागला.

आरडाओरडा ऐकून मनकर्णा धावत आली. पट्टा ढिला करावा म्हणून तिनं आत बोटं घातली आणि झटक्यानं काढली. बोटांना रक्त. थोडं तिचं, बाकी सरक्याचं. पट्टा सोडला तर आतून खिळ्यांची रांग, आणि मानेभोवती जखमांची दुसरी रांग.

“अवं, उलटा बांधला गेला हा,” गोवर्धन म्हणाला. “कप्तानाच्या हातून चुकून...”

“चुकून? बकल पाहा. बकल कोनीकून हाय?”

बकल बाहेरून होतं. म्हणजे पट्टा सुलटाच होता. त्या पितळी फुल्या म्हणजे खिळ्यांची डोकी. एवढं कळल्यावर गोवर्धननं आपल्या हातातल्या साखळीकडे पाहिलं.

“मनकर्णे, म्या हिसका देल्ला वं त्याले.”

सकाळच्या एस.टी.नं दोघं अचलपुराला गेले. कप्तानाच्या अंगणात पाच-सहा जण आपापली कुत्री घेऊन नव्या शिकवणीसाठी उभे होते. कप्तानाला पाहताच सवयीनं गोवर्धनचे हात जोडले गेले. मग त्यानं ते सोडवले, पिशवीतून सरक्याचा पट्टा काढला, खिळे आत करून स्वतःच्या दंडाला गुंडाळला, बकल लावलं आणि साखळी कप्तानाच्या हातात दिली.

“वढा.”

“वेड लागलं का?”

“एकच हिसका द्या जी. दुखत नाही म्हने, फक्त समजते. मले बी समजू द्या.”

कप्तानाचा हात काही उचलेना.

“वढा ना, कप्तानसायेब!” मनकर्णा म्हणाली. “हे तं भुंकत बी नाहीत. चावाचा तं सवालच नाही.”

लोक हसले. कप्तानानं साखळी टाकली. ती गोवर्धननं उचलली, स्वतःच ओढली, आणि पट्टा सोडून दंड सगळ्यांना दाखवला. चार लाल ठिपके मोठे होत होत कोपरापर्यंत उतरले.

“समजलं,” गोवर्धन म्हणाला. बस, एवढंच.

एकेक जण कुत्रं घेऊन मुकाट्यानं निघाला. दुपारच्या गाडीनं कप्तानही अकोल्याकडे गेला. तिथल्या कुत्र्यांचं काय झालं, देव जाणे.

पण सरक्याला हे कोण सांगणार? मनकर्णा हळद-तेल लावायची तेव्हा तो मान पुढे करायचा. गोवर्धनचा हात दिसला, मग त्यात भाकर का असेना, की तो खाटेखाली. आठ दिवस कप्तानानं मारलं असेल, पण घरच्या माणसाचा हिसका एकच होता आणि तोच त्याच्या ध्यानात राहिला होता.

गोवर्धननं हाक मारणं सोडलं. बाग मात्र राखायला पाहिजे. डबा बडवला तरी वानरं भीक घालेनात, गोफणीचा धोंडा आंबा समजून झेलतात की काय असं वाटू लागलं. शेवटी गोवर्धन स्वतःच भुंकू लागला. रस्त्यानं जाणारी एस.टी. हळू व्हायची, खिडक्यांतून माना बाहेर यायच्या.

“अजी, हे भुंकनं हाय का ढास लागली?” मनकर्णा विचारायची.

“जमते तसं भुंकून राह्यलो वं!”

पंधरा-वीस दिवस असेच गेले. एका दुपारी बांधावर उभा राहून गोवर्धन घसा फोडत होता. समोर हुप्प्या निवांत संत्रं सोलत होता. तेवढ्यात मागून, खाटेखालून, एक घोगरा आवाज आला. एकच. हुप्प्यानं मान वर केली. मग दुसरा आला, जरा मोकळा. आणि तिसऱ्या आवाजाबरोबर सरक्या गोवर्धनच्या पायाजवळून गोळीसारखा सुटला. वानरं डोंगराकडे पळाली, हुप्प्याच्या हातातलं अर्धं संत्रं बांधावर राहिलं.

गोवर्धनला ओरडून शाबासकी द्यावीशी वाटली. त्यानं ती गिळली. हात पाठीमागे बांधून तो खाली बसला.

सरक्या धापा टाकत परत आला. दीड हात अंतर ठेवून बसला. गोवर्धननं फडक्यातली भाकर काढली, मोडली, अर्धी त्या दीड हाताच्या मधोमध ठेवली आणि तोंड फिरवून आपली अर्धी खाऊ लागला. बराच वेळ मागून काही आवाज आला नाही. मग चावण्याचा आला.