एकेचाळीस बाळांचं तापमान

आमच्या आत्याला अख्खं रुग्णालय 'रकानाबाई' म्हणतं. पाठीमागे हं! तोंडावर म्हणायची टाप आहे कुणाची? नवजात कक्षाला लागून एक बिनखिडकीची खोली आहे. तिथे ती सव्वीस वर्षं बसते आहे, आधी वहीपुढे आणि मग संगणकापुढे. काचेच्या पेटीत ठेवलेल्या प्रत्येक बाळाचा कागद ती त्यात उतरवते. वजन किती, किती आठवड्यांचं, आईचं दूध कधी मिळालं, कक्षात आल्यावर तासाभरात अंगाचं तापमान किती होतं. दर तीन महिन्यांनी नावं गाळून हे सगळं राष्ट्रीय ऑडिटकडे जातं. तिथले लोक देशभरातल्या रुग्णालयांचे आकडे शेजारी शेजारी ठेवून बघतात, कुठे काय कमी पडतंय ते.

मी त्याच कक्षात नर्स आहे. सख्ख्या भावाची मुलगी, पण कामावर नातंबितं काही नाही. घरी ताप आला म्हटलं तरी ही आधी विचारते, "किती?" आणि मग कपाळाला हात लावते. कागदावर रकाना रिकामा दिसला की फाइल घेऊन पेटीपाशी येऊन उभी राहते, आणि उत्तर मिळेपर्यंत हलत नाही.

"आत्या, हात भरलेत गं माझे."

"असू देत. तोंड रिकामं आहे ना? सांग, मोजलंस का?"

संगणकात त्यासाठी दोन पर्याय आहेत, 'मोजलं नाही' आणि 'माहीत नाही'. आम्हाला दोन्ही सारखेच. आत्याच्या लेखी जमीन-अस्मानाचा फरक! 'माहीत नाही' लिहायच्या आधी ती तिघांना विचारणार: पाळीच्या नर्सला, डॉक्टरला आणि बाळ घेऊन आलेल्या आयाला. मग तुम्ही कितीही वैतागा.

आता आमच्याकडची परिस्थिती ऐका. प्रसूतिकक्ष इमारतीच्या एका टोकाला, आम्ही दुसऱ्या. मधला व्हरांडा उघडा. बाळं आणायची चाकांची गरम पेटी सात महिने बंद पडलेली. मग काय, दुपट्यात गुंडाळायचं, छातीशी धरायचं आणि पळत सुटायचं. दीड किलोच्या जिवाच्या अंगात ऊब ती केवढीशी! तापमान साडेछत्तीसच्या खाली जाऊ नये, तर आमच्याकडे पस्तीस, चौतीस. जी बाळं फारच वाईट अवस्थेत यायची त्यांचं तर मोजायचंच राहून जायचं, कारण सगळ्यांचे हात त्यांना जगवण्यात गुंतलेले.

नवी गरम पेटी मागितली, तर रुग्णालयाच्या अधीक्षक साहेबांच्या सहीचं उत्तर काय यावं? 'तिमाहीच्या आकडेवारीनुसार बाळांचं तापमान समाधानकारक आहे. तूर्त गरज दिसत नाही.'

समाधानकारक! वाचूनच माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. आत्याने संगणक उघडला. त्या तिमाहीत एकेचाळीस बाळांपुढे तिने स्वतः 'मोजलं नाही' नोंदवलं होतं. आता त्या एकेचाळीसही जागी छत्तीस पॉइंट आठ दिसत होतं. बदल साहेबांच्या कचेरीतून झालेला, तेही संगणकच दाखवत होता. आकडे ऑडिटकडे जाऊन कुलूपबंद व्हायला दोन दिवस उरले होते.

ती तडक वर गेली, मागोमाग मी. साहेबांना लाज वाटेल म्हणता? छे! "अहो बाई, 'मोजलं नाही' जास्त झालं की यादीत आपण लाल दिसतो. माणसाचं तापमान छत्तीस-सदतीसच असतं की! झाकली मूठ सव्वा लाखाची."

"साहेब, कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहत नाही," आत्या म्हणाली आणि दार न लावता निघाली.

दोन दिवस आम्ही त्या खोलीत फाइली उपसत बसलो. ती कागद बघायची, संगणकातला आकडा काढायची, खरं ते भरायची. एका फाइलपाशी ती थांबली. कागदावरही छत्तीस पॉइंट आठ होतं. बाकी सगळं काळ्या शाईत, हा आकडा निळ्या. अक्षर माझं.

खोटं कशाला बोलू? साहेबांनी आम्हा नर्सेसना बोलावून सांगितलं होतं, कागदही भरून टाका. मी सहा भरले होते.

"मोजलंस?" आत्याने विचारलं.

मी उसळले. "नाही मोजलं! जुळ्यातली धाकटी होती ती. श्वास घेत नव्हती. दोन्ही हातांनी तिला श्वास देत होते मी. थर्मामीटर काय दातांत धरू?"

"मग तेच लिहायचं ना, बाई! जिथे दोन नर्स हव्यात तिथे तू एकटी होतीस, हे वरच्यांना त्या रकान्यातूनच कळणार होतं. तिसऱ्या दिवशी गेली ना ती? आणि तू लिहून ठेवलंस की तिला थंडी वाजलीच नाही."

मला रडू कोसळलं. तिने समजूत काढली नाही. आकड्यावर एक रेघ मारली, वर 'मोजलं नाही' लिहिलं आणि पेन माझ्यापुढे केलं. सहा फाइलींवर मी सहा सह्या केल्या.

अहवाल आला. आम्ही लाल, शेवटून तिसरे. आणि मग चोराच्या उलट्या बोंबा! आत्यानेच आकड्यांत फेरफार केले म्हणून चौकशी लागली. निवृत्तीला चौदा महिने उरलेल्या बाईला चादरी मोजायला कपड्यांच्या कोठीत पाठवलं. तिथेही तिने पहिल्याच दिवशी विचारलं, "यादीत दोनशे आहेत, कपाटात एकशे त्रेसष्ट कशा?"

काल साहेबांनी मला बोलावलं. टेबलावर माझा जबाब टाईप करून तयार. 'सदर बाळांचं तापमान मी वेळेत मोजलं होतं. नंतर नोंदी बदलण्यात आल्या.' खाली सहीपुरती मोकळी जागा.

"तुझी अजून वीस वर्षं नोकरी आहे," साहेब गोड आवाजात म्हणाले. "आत्याचं काय, ती चाललीच आहे. कर सही."

बाहेर व्हरांड्यातून कुणीतरी धावत गेलं. गरम पेटी नव्हतीच अजून. पावलांवरून कळतं आम्हाला, छातीशी बाळ आहे ते.

मी पेन घेतलं. टाईप केलेल्या ओळींवर एक रेघ मारली, वर लिहिलं, 'मोजलं नाही.' खाली सहाही बाळांचे नोंदणी क्रमांक लिहिले. ते मला पाठ आहेत आता. मग सही, तारीख, वेळ.

"हे काय केलंस?" साहेब ओरडले.

"रकाना भरला, साहेब," मी म्हटलं, आणि आलेल्या बाळाचं तापमान मोजायला पळाले.