एकाच रानाचा शब्द

सिद्धू मॅट्रिक झाला ते साल छप्पन्न. निरवांगीत तेव्हा पेढे कुठले! त्याच्या बापानं, आप्पानं, गुळाची ढेप फोडली आणि मेंढरांच्या वाड्यापाशी येईल त्याच्या हातावर खडा ठेवला. धनगराचं पोरगं मॅट्रिक झालं याचं साऱ्यांना कौतुक, पण पुढं काय, ते कुणालाच ठाऊक नव्हतं. सिद्धूच्या केसांत चांदी आली तरी त्या गुळाची चव त्याच्या जिभेवरून गेलेली नाही.

जाणकार म्हणाल तर बारामतीच्या शाळेतले तात्याबा मास्तर. त्यांनी बापलेकांना बसवून सांगितलं, की पुण्यात आपल्याजोगी तीन कॉलेजं आहेत. तिन्हीकडं अर्ज टाकू, जिथं नाव लागेल तिथं जायचं.

इथंच आप्पाचं घोडं अडलं.

आप्पाचा सारा जन्म मेंढरं बसवण्यात गेलेला. पिकं निघाली की शेतकरी कळपाला आपल्या रानात मुक्कामाला बोलवायचे. रानाला लेंडीखत मिळे, धनगराला दाणे. कुणाच्या रानात बसायचं ते आधी बोलून ठरे, आणि एकदा बोललं की फिरायचं नाही. एका बागायतदारानं वर आणखी ज्वारी देऊ केली, तरी आप्पानं दुसऱ्याला दिलेला शब्द मोडला नव्हता.

"मास्तर," तो म्हणाला, "येकाच रातीचा तिघांना शब्द द्यायचा? मेंढरं येका येळंला तीन रानांत बसत्यात व्हय?"

मास्तर आधी हसले, मग समजावून दमले, मग चिडले. एकाच जागी अर्ज केला आणि तिथं नाव लागलं नाही, तर वर्ष जाईल आणि पोरगं मेंढरांमागं ते मेंढरांमागंच राहील, असं त्यांनी बजावलं. आप्पा हलला नाही. अर्ज एकच जाईल; कुठं, ते रान बघून ठरवू.

बापलेक एसटीनं पुण्याला गेले. डोक्याला लाल मुंडासं, खांद्यावर घोंगडं, हातात काठी, असा आप्पा तिन्ही कॉलेजं हिंडला. उतार कुठं, पाणी कुठं, वारा कुठून येतो, सगळं बघत. पहिल्याला घड्याळाचा मनोरा होता. सिद्धूचा जीव तिथंच अडकला. पण आप्पा पायरीवर टेकला न टेकला तोच शिपायानं उठवलं. आप्पा रागावला नाही. "हितं बसाय जागा न्हाय," एवढंच म्हणाला. दुसऱ्याच्या आवारात सावलीला झाड नव्हतं. तिसरं टेकडीच्या पायथ्याला. तिथल्या चिंचेखाली घोंगडं अंथरून आप्पा जरा कलंडला तो घोरायलाच लागला. सिद्धू लाजेनं चूर. आप्पाला जाग आली तेव्हा समोर एक चष्मेवाले सर उभे होते. त्यांनी माठातलं पाणी मागवलं आणि औंदा तुमच्याकडं पाऊसपाणी कसं, म्हणून विचारलं.

"ठरलं," आप्पा म्हणाला. सिद्धूनं मनोऱ्याचं नाव काढलं नाही.

अर्ज देताना आप्पानं कारकुनाला सांगून टाकलं, की पोरगं आता दुसरीकडं जाणार नाही. कारकून हसून म्हणाला, की आम्ही घेतलं तर ना. हे 'घेतलं तर' आप्पाच्या ध्यानातच आलं नव्हतं. त्याच्या जगात शब्द दोघं एकदमच देत. परतताना तो इंदापूरला उतरल्यावर म्हणाला, "सिद्धू, त्यांनी न्हाय म्हणलं तर चूक माझी. फुडल्या साली मास्तर म्हनत्याल तसं कर."

आप्पाच्या तोंडून असलं काही सिद्धूनं कधी ऐकलं नव्हतं.

पुढं सिद्धू मेंढरांमागं जात राहिला. टपालवाल्याची सायकल दिसली की सिद्धूच्याआधी आप्पाच उठून उभा राही. अखेर एकदाचं कार्ड आलं. नाव लागलं होतं.

पोचवायला आप्पा गेला. वसतिगृहाच्या खोलीत त्यानं चारी कोपरे न्याहाळले, खिडकीची कडी हलवून बघितली, आणि गाडी गाठतो म्हणून निघाला. सकाळी सिद्धूनं खिडकी उघडली, तर चिंचेखाली आप्पा. घोंगडं गुडघ्यांभोवती, काठी मांडीवर आडवी. सिद्धू धावत खाली गेला. गेला का नाहीस, असं त्यानं विचारलं.

"नव्या रानात बसवलं की पैली रात राखणीला थांबाय लागतं," आप्पा उठत म्हणाला. मग घोंगडं झटकून त्यानं ते सिद्धूच्या खांद्यावर टाकलं आणि काठी टेकत फाटकाकडं चालू लागला.