कार्बनचा चौथा हात

दत्ता गेल्याचा फोन आला तेव्हा मी वर्गात होतो. बी.एस्सी. पहिल्या वर्षाचा पहिला आठवडा मी उजळणीतच घालवतो, कारण पोरं रासायनिक बंध बारावीत पाठ करून येतात आणि इथं येईस्तोवर सगळं धुऊन निघालेलं असतं. फळ्यावर अमोनियाचा रेणू काढत होतो. फोन दोनदा वाजला, दोनदा कापला. तिसऱ्यांदा वैतागून उचलला तर दत्ताचा चुलत भाऊ. "सर, दत्ता गेला. विहिरीत." मी म्हटलं, "पाय घसरला का?" "न्हाई सर... इंजिनाचा धूर." पुढचं मी ऐकलंच नाही. धूर म्हटल्याबरोबर कोणत्या वायूनं त्याला मारलं ते मला कळलं. आणि त्याच वायूचं पान मी एकदा त्याला सोडायला लावलं होतं, तेही लख्ख आठवलं.

कॉलेजात असताना अंबडला आम्ही दोघं एका खोलीत राहायचो. मी हुशार, निदान तसा माझा समज. तो तीर्थपुरीकडच्या एका खेड्यातला, आपल्याला मेंढरं वळायची सवय, पुस्तकं वळत नाहीत, असं स्वतःच सांगणारा. पहिल्या वर्षी त्याचा रसायनशास्त्र विषय राहिला आणि दुसऱ्यांदा पेपर द्यायची वेळ आली, तेव्हा मी त्याची उजळणी घ्यायला बसलो. मिथेन सपाट नसतो, त्याचे चार हायड्रोजन चार दिशांना असतात, हे काही केल्या त्याच्या डोक्यात शिरेना. मी हात टेकले. रविवारी गावाकडून येताना हा गडी ज्वारीच्या ताटांच्या आतला मऊ भेंड आणि बाभळीचे काटे घेऊन आला. लहानपणी आम्ही सगळ्यांनीच भेंडाच्या बैलगाड्या केल्यात, यानं त्याच भेंडाचे अणू केले आणि काट्यांचे बंध. तासाभरात मिथेन, पाणी, अमोनिया ओळीनं मांडून बसला. "माध्या, पुस्तकात हे चापट का काढून ठेवतेत रे? माणसाला फसवायला?" मलाही ते तेव्हाच पहिल्यांदा नीट दिसलं होतं, पण मी कबूल केलं नाही.

परीक्षा चार दिवसांवर आली तेव्हा आमची 'आयएमपी' सुरू झाली. आमच्याकडे शिकायची हीच रीत. येणाऱ्या प्रश्नांवर पेन्सिलीची खूण, बाकीच्यावर काट. कार्बन मोनॉक्साइडच्या पानावर दत्ता अडला. "कार्बनला चार हात म्हणला होतास. इथं ऑक्सिजनला तीनच धरलेत. चौथा कुठं गेला?" खरं सांगतो, मलाही पक्कं येत नव्हतं. कार्बनजवळ इलेक्ट्रॉनांची एक मोकळी जोडी उरते, ती रक्तातल्या लोहाला धरते आणि ऑक्सिजनला तिथं जागाच ठेवत नाही, हे मला पुढं एम.एस्सी.ला समजलं. त्या दिवशी मी तोऱ्यात म्हटलं, "परीक्षेला येत न्हाई. सोड." पानावर काट मारली. तो पास झाला, मीही मोठा गुरू म्हणून मिरवलो. पदवीनंतर तो शेतीकडे गेला, मी मास्तर झालो.

आमच्या भागात पाणी खोल गेलं की डिझेल इंजिन विहिरीतल्याच टप्प्यावर उतरवतात. इंजिन बंद पडलं की कुणीतरी आत उतरतो. त्याआधी दोरीनं पेटता कंदील सोडायचा, विझला नाही तर उतरायचं, ही आजोबा-पणजोबांपासूनची परीक्षा. पडीक विहिरीतली कोंदट हवा कंदिलाला कळतेही. इंजिनाच्या धुरातला हा वायू मात्र कळत नाही. त्याला ना रंग, ना वास, आणि कंदील मजेत जळत राहतो.

अंत्यविधीला गेलो, पण मागंच उभा राहून परत आलो. घरात पाऊल टाकायची छाती झाली नाही. दत्ताला हे माहीत नसेल, आणि माहीत नसेल तर ते माझ्यामुळं... सहा आठवडे हेच डोक्यात. वर्गात कार्बन मोनॉक्साइड आला की खडू खाली ठेवायचो. शेवटी स्वतःचीच लाज वाटली आणि त्याच्या शेतात गेलो. धाकटा भाऊ विष्णू विहिरीवर होता. त्यालाच वाचवताना दत्ता गेला, एवढं मला ठाऊक होतं. मी आडवळण घेतलं नाही. "विष्णू, त्या गॅसचं दत्ताला माहीत होतं का रे?"

"माहीत म्हंजे? कवाचा सांगून राह्यला व्हता आम्हाला. कंदिलाच्या भरवशावर उतरू नका म्हणायचा. परीक्षा झाल्यावर त्यानं ते हुडकून वाचलं म्हणे. एक हात कुठं गेला, ते डोक्यातून जाईना म्हणायचा. तवापासून इंजिन बंद केलं की धूर निघावा म्हणून कडुलिंबाचा डहाळा दोरीला बांधून आत खालवर हलवायचा, अन् मंग घंटाभर तिथं बसायचा." त्यानं विहिरीच्या काठावरचा एक काळा, वरून गुळगुळीत झालेला दगड दाखवला. "सगळे हसायचे. मी बी हसायचो सर. मास्तर बसले म्हणायचो."

"आणि त्या दिवशी?"

"त्या दिवशी तो बाजारात गेल्ता. मला जल्दी व्हती. कंदील सोडला, बराबर जळत व्हता, उतरलो. बाजारातून आला तो थेट खाली उतरला म्हणे. शुद्ध आली तवा लोकांनी मला वर वढलं व्हतं, माझ्या काखेत त्यानं बांधलेला दोर... तो खालीच."

माझ्या मनावरचं ओझं उतरायला हवं होतं. नाही उतरलं. त्याला माहीत नव्हतं या भीतीपेक्षा त्याला सगळं माहीत होतं हे जास्त जड निघालं. मी मूर्खासारखा विचारून बसलो, "मग तो थोडा वेळ तरी थांबला नाही का रे?"

"कसा थांबंल सर? खाली मी व्हतो न."

पावसानं दडी मारलेली, ऊन चांगलंच तापलं होतं. आम्ही दोघं उभेच राहिलो. त्या दगडावर बसायचं धाडस कुणालाच झालं नाही.