तेरावी गाडी

माझं शिक्षण चौथीपर्यंत, तेही ओढूनताणून. तरी गोष्टीत मेलेला माणूस मेलेलाच राहिला पाहिजे, एवढं मला कळतं. शिकलेल्यांना ते का कळत नाही, याचा राग मला आजही येतो. परवा नातू टीव्हीसमोर बसला होता. पडद्यावर अंगावर झूल घेतलेला एक उडणारा गडी. मी विचारलं, "हाऊ कितवा भाग?" तो म्हणाला, "आबा, मोजायचं नसतं. अजून बरेच यायचेत." मी उठून ओट्यावर जाऊन बसलो.

दोंडाईचाकडच्या आमच्या गावात चैत्रात खंडेरावाची यात्रा भरते. बारा बैलगाड्या एकीमागे एक दोरांनी बांधतात. बैल जुंपत नाहीत. गाड्यांत माणसं खच्चून बसतात आणि ती सगळी माळ भगत देवळापर्यंत ओढतो, म्हणून यात्रेचं नावच बारागाड्या. ऐंशी सालानंतर बरीच वर्षं तो भगत मी होतो. दोन्ही अंगांनी बगलेत हात घालून धरणारे दोघे असतात, त्यांना बगले म्हणतात. मागून लोकही लोटतात. हे मी कधी लपवलं नाही. पण पहिला हिसका माझा, तो दुसऱ्या कुणाला जमला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मी शेतात शेणखत वाहायला हजर. देवाचं काम झालं, संपलं.

यात्रेच्या आठवडाभर आधीच सिनेमाचा तंबू यायचा. एका वर्षी तंबूवाल्यानं उडणाऱ्या गड्याचा पिक्चर आणला. मला आवडला, खोटं कशाला बोलू? धरणाचा दरवाजा तुटतो, गडी खांदा लावून तो धरून ठेवतो, खालचं गाव रिकामं होतं, आणि मग पाणी त्याच्यावरून जातं. त्याच्या बायकोनं उंबऱ्यावर हात आपटून बांगड्या फोडल्या तेव्हा तंबूतल्या बाया हुंदके देत होत्या. माझी बायको तर दोन दिवस स्वतःच्या बांगड्या चाचपत होती.

पुढच्या वर्षी भाग दुसरा. गडी पाण्यातून वर आला, केससुद्धा कोरडे. बायकोच्या हातात बांगड्या, त्याही कोपरापर्यंत. आता तो आगगाडी अडवत होता. खेळ सुटल्यावर मी तंबूवाल्याला गाठलं.

"भाऊ, हाऊ ते मांगला साल मरी गयथा ना?"

"आबा, तो मेला तर मी या वर्षी काय दाखवू?"

"मग मांगला साल आम्हाला रडवलं कशाला?"

"रडल्याशिवाय तुम्ही परत आला असता का?" असं म्हणून तो पान थुंकायला वळला.

तिसऱ्या वर्षी दोन उडणारे गडी आले आणि एकमेकांवर डोंगर फेकू लागले. खाली गाव होतं की नव्हतं, कुणाला पडलेलीच नव्हती. मी अर्ध्यातून उठलो.

हे पिक्चरपुरतं राहिलं असतं तर मी चार शिव्या देऊन गप्प बसलो असतो. पण त्याच हंगामात पंचांतला एक तरुण माझ्याकडे आला. धुळ्याला कॉलेजात जाऊन आलेला, शर्टाच्या खिशाला पेन.

"आबा, लोकांना आता बाराचं काही वाटत नाही. तिकडं तंबूत गडी आगगाडी अडवतो, डोंगर फेकतो."

"मग आगगाडीपुढं नारळ फोड जा."

"तसं नाही. यंदा पंधरा करू. पुढच्या वर्षी अठरा."

"आणि त्याच्या पुढच्या?"

"तेव्हाचं तेव्हा बघू."

"पंधरा झाल्यावर यात्रेला काय म्हणशील?"

"बारागाड्याच. नाव चालतंय ना, ते कशाला बदलायचं?"

मी नाही म्हटलं. त्यानं ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी भोंगा लावलेली रिक्षा गावोगाव फिरली, यंदा पंधरा गाड्या म्हणून. मला विचारलंसुद्धा नाही. मी हट्टानं घरी बसलो असतो, तर माझ्या भावाचा मुलगा तयारच होता. तो माझा उजवा बगल्या, अंगात मस्ती. त्याला आमची वाट पुरती माहीत नव्हती. देवळाआधी नाल्याचा उतार आहे. बारा गाड्यांचा रेटा तिथं कसा सावरायचा ते माझ्या पायांना ठाऊक होतं. पंधरांचा कुणालाच ठाऊक नव्हता. रेट्यात पहिला चाकाखाली जातो तो भगत. मी चाकाखाली गेलो असतो तर भाग दुसऱ्यात उठून येणार नव्हतो.

बायको हळद कालवत होती. हातातल्या बांगड्या मागं सारत, मान वर न करता म्हणाली, "मन्या बांगड्या पिक्चरमधल्या नहीत."

यात्रेच्या दिवशी दिवस कलताना मला हळद फासली, पायात घुंगरू बांधले, हातात वेताची काठी दिली. ओढण्याआधी भगत गाड्यांना पाच फेऱ्या घालतो. त्या वेळी त्याला कुणी शिवत नाही, अडवत नाही, काही विचारत नाही, आणि तोही तोंड उघडत नाही. हा नेम वाडवडिलांचा, पंचांनीही पाळायचा. शेवटच्या तीन गाड्यांत पंचच बसले होते, फेटे बांधून, म्हणजे लोकांना दिसावेत. तंबूवालाही भोंग्याचा माईक घेऊन त्यांच्यात.

पाचव्या फेरीला मी बाराव्या आणि तेराव्या गाडीमध्ये थांबलो. खाली बसलो आणि दोराची गाठ सोडायला लागलो.

"आबा, काय करताय?" पेनवाला वरून कुजबुजला.

मी गाठ सोडत राहिलो.

"आबा, लोक बघताहेत."

शेजारचा म्हातारा पंच त्याला म्हणाला, "चूप ऱ्हाय. फेरी चालू शे."

गाठ सुटली. मी पुढं गेलो, बगल्यांनी धरलं, येळकोट झाला आणि मी हिसका दिला. बारा गाड्या निघाल्या. उताराला रेटा आला तो नेहमीचाच, आम्ही तो सावरला. देवळापाशी टेकलो तेव्हा भावाचा मुलगा धापा टाकत म्हणाला, "काका, आज हलक्या का लागल्या?" मी मागं हात केला. दूर माळावर तीन गाड्या उभ्या होत्या, फेट्यांसकट.

पेनवाला धुळीतून चालत आला. "भर यात्रेत लाज काढली आमची."

"उतरून लोटायचं होतं मग. हात आहेत ना?"

तो काही बोलणार, तेवढ्यात भोंगा खरखरला. तंबूवाला अजून तेराव्या गाडीवरच उभा होता. "मंडळी, उरलेल्या तीन गाड्या आबा पुढच्या वर्षी ओढणार. विसरू नका, भाग दुसरा."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. ज्यांच्यासाठी मी गाठ सोडली, त्यांनीच. माझ्या नाही म्हणण्याचासुद्धा त्यांनी पुढचा भाग केला. एवढा संताप मला जन्मात आला नव्हता. मी तिथंच घुंगरू सोडले आणि काठी भावाच्या मुलाच्या हातात दिली. खंडेरावासमोर त्याच्याकडून बाराच गाड्या ओढायची आण घेतली. हळद धुतली आणि घरी गेलो. पंच दोनदा समजवायला आले, मी उठलो नाही.

पुढच्या वर्षी कधी नव्हती एवढी गर्दी. लोक बोट दाखवत गाड्या मोजत होते. बाराच निघाल्या, पोरानं उतार नीट सावरला. मी धुतलेलं धोतर नेसून बायकोशेजारी उभा होतो. एक ओळखीचा गर्दीतून वाट काढत आला.

"आबा, त्या तीन कधी?"

मी तोंड उघडायच्या आत बायकोनंच सांगितलं, "ते सरी गयं, भाऊ."