मेणाची अर्धी युक्ती

त्या इमारतीत माझ्या काकूला कोणी नावाने ओळखत नसे. ती सर्वांची डागकाकू होती. कपड्यावर काहीही सांडले, की तो पाण्यात घालण्याआधी दुसऱ्या मजल्यावर काकूच्या दारात न्यायचा, हा तिथला अलिखित नियम. ही विद्या तिला सासूकडून मिळाली होती. सासूने ती प्रेमाने नव्हे, टोमण्यांतून दिली, म्हणून पक्की बसली. रक्ताला थंड पाणी. चहाला उकळते, तेही कापड पातेल्यावर ताणून उंचावरून धार धरून. गंजाला लिंबू, मीठ आणि कडक ऊन.

"उलटं केलंस तर डाग घर करून राहील हं," ती बजावत असे. "आणि भाडंही द्यायचा नाही."

मोबदला म्हणून तिची एकच अट असे : "वाळलं की दाखवायला आण."

या अटीविषयी मला बोलायचे आहे, कारण ती कोणीही पाळली नाही. गरज असताना बायका चपला न घालता जिना चढत आल्या. डाग निघाला, की कपडा कपाटात आणि काकू विस्मरणात. समोरच्या गच्चीवरच्या दोरीवर एखादा सदरा स्वच्छ होऊन फडकताना दिसे, तेव्हा तिला कळे की आपला उपाय लागू पडला. काका होते तोवर ती त्यांना खिडकीशी बोलावून तो सदरा दाखवी. ते गेल्यानंतर दाखवायला कोणी उरले नाही. मुलगी दूरच्या गावी. फोनवर तिचे बोलणे औषधांपासून सुरू होऊन औषधांपाशीच संपे. पुढे सगळे उपाय मोबाइलवर मिळू लागले आणि काकूच्या दारावरची घंटा वाजेनाशी झाली. मी अधूनमधून जात असे. दर वेळी ती उशांच्या अभ्र्यांना इस्त्री करत असलेली दिसे. त्या घरात डोके टेकायला एकच माणूस होते. अभ्रे मात्र पाहुण्यांनी घर भरल्यासारखे.

गेल्या महिन्यात मी जिना चढत असताना पहिल्या मजल्यावर राहणाऱ्या सासू-सुनेपैकी सासूबाईंनी मला अडवले.

"तुमच्या काकूंना एकदा डॉक्टरकडे न्या हो," त्या म्हणाल्या.

"का? पडली का कुठे?"

"पडल्या नाहीत, विसरल्या. आमच्या सूनबाईच्या टेबलक्लॉथवर मेणबत्ती ओघळली. मीच म्हटलं, मोबाइल ठेव, वर जा. काकूंनी सांगितलं, मेण गार होऊ दे आणि बोथट सुरीनं खरवड. हिनं खरवडलं. मेण गेलं, पण खाली हा एवढा तेलकट गोल तसाच. शेवटी लॉंड्रीवाल्यानं वरखाली टीपकागद ठेवून इस्त्री फिरवली, तेव्हा निघाला. डागकाकूच मेण विसरायला लागल्या तर राहिलं काय?"

मागून सून म्हणाली, "जाऊ द्या ना आई, वय झालं त्यांचं." त्या स्वरात कीव होती. कीव करायला काही लागत नाही. वर जाऊन बसायला मात्र वेळ लागतो.

काकू नेहमीप्रमाणे इस्त्री करत होती. मी खुर्चीत बसलो आणि थेट विचारले, "काकू, मेणाच्या डागाला टीपकागद लागतो, हे तू सुनेला सांगायचं विसरलीस?"

"विसरले नाही. राखून ठेवलं."

"म्हणजे?"

तिने इस्त्री उभी केली. "आजवर सगळ्यांना पूर्ण सांगत आले. पूर्ण सांगितलं की माणूस परत येत नाही रे. म्हटलं, या वेळी अर्धंच सांगू. गोल राहील, ती विचारायला येईल, मग बसवून घेऊ. दोन दिवस मी कुठं बाहेरसुद्धा गेले नाही. कपबशा काढून ठेवल्या होत्या."

"आणि ती लॉंड्रीत गेली."

"जाणारच. लॉंड्रीवाला दाखवायला आण म्हणत नाही."

माझा संताप अनावर झाला. आयुष्यभर या बाईकडून फुकट शिकून घेतलेल्या लोकांनी तिला एका टेबलक्लॉथवरून वेड्यात काढावे, हे मला सहन होईना. मी उठलो. "आत्ता खाली जातो आणि त्यांना सांगतो, की माझी काकू काहीही विसरलेली नाही."

"बस खाली." इतक्या करड्या आवाजात ती माझ्याशी कधीच बोलली नव्हती. "काय सांगशील? की काकू माणसांसाठी इतकी हपापलीय, की लोकांच्या कपड्यावर मुद्दाम डाग ठेवते?"

मी दाराशीच थांबलो.

"विसरते म्हणू देत. विसरणं वयाला शोभतं." मग ती हलकेच म्हणाली, "ते दुसरं कळलं ना, तर जिन्यात भेटल्यावर हसायच्यासुद्धा नाहीत. कुठे गळ्यात पडेल म्हणून."

मी पुन्हा बसलो. तिने चहा केला. आम्ही तो प्यायलो, आणि मी निघालो तेव्हा ती दारापर्यंत नव्हे, जिन्याच्या पहिल्या पायरीपर्यंत आली.

खाली सासूबाई दार उघडे ठेवून वाटच पाहत होत्या. "काय म्हणाल्या?"

"तुमचं बरोबर आहे," मी म्हणालो. "हल्ली विसरते ती."

त्यांचे समाधान झाले. त्यांनी तत्परतेने एका चांगल्या डॉक्टरांचे नाव सांगितले, त्यांच्या वेळा सांगितल्या, रिक्षा कुठे मिळेल तेही सांगितले, आणि दार लावून घेतले.