चुलीवरचा कॉम्प्युटर

आमचा कॉम्प्युटर अख्खा पावसाळा चुलीवर होता, हे मी दुकानात कुणाला सांगितलेलं नाही. मी रत्नागिरीत मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात काम करते. तिथली मंडळी चेष्टेला टपलेलीच असतात. हे कळलं तर फोन भाजून देतेस का, असं विचारून माझा जीव खातील.

चुलीवर म्हणजे चुलीच्या वर टांगलेल्या बांबूच्या माळ्यावर. गॅस आला तरी आमची चूल विझलेली नाही. आंघोळीचं पाणी आणि सकाळची पेज अजून तिच्यावरच होते. घर खाडीच्या काठाला, त्यामुळे पावसाळ्यात भिंतींना घाम फुटतो, मिठाचं पाणी होतं, कपाटातल्या चपलांना बुरशी येते. मग जे जे जपायचं ते या माळ्यावर चढतं: बियाण्याचं भात, सुकट, आमसुलं. गेल्या पावसाळ्याच्या तोंडावर दादानं बोटीवरून फोन केला होता आणि म्हणाला होता, आई, माझ्या सीपीयूला ओल लागू देऊ नको. आईनं ते मनावर घेतलं. गोणपाटात गुंडाळून तिनं तो डबा सुकटीच्या शेजारी ठेवला, आणि जोडीला दादानं जमवलेल्या सुट्या पार्टांचा बिस्किटांचा डबाही. मी तेव्हा शहरात खोली घेऊन राहत होते, घरून ये-जा नंतर सुरू केली. मला यातलं काही माहीत नव्हतं.

दादा आखातात मालवाहू बोटीवर. हा कॉम्प्युटर त्यानं भंगारातल्या तीन-चार मशीनी फोडून स्वतः जोडलेला, आणि सोल्डरिंग मी त्याच्याच हाताखाली शिकले. गौरी जेवल्या त्या दिवशी त्याचा फोन आला, तो शेवटचा. कंपनीचा मुंबईतला माणूस सांगतो की तो एका बंदरावर उतरला आणि बोटीवर परत आला नाही, चौकशी चालू आहे. मी त्या माणसाशी इतकी भांडले आहे की आता तो माझा नंबर बघून फोन उचलत नाही.

दादा सुखरूप आहे का, असा आईनं ग्रामदेवतेला कौल लावला. पाकळी उजवीकडे पडली तर होय, डावीकडे पडली तर नाही. पाकळी तशीच चिकटून राहिली. गुरवानं बराच वेळ वाट बघितली आणि मग आईला सांगितलं, पुन्हा कधीतरी या. त्यानंतर दसरा आला. दसऱ्याला आमच्याकडे कोयता, नांगर, पाट्याबरोबर दादाचा कॉम्प्युटरही पूजेला बसतो. आईनं तो खाली काढला, पुसला, हळदकुंकू लावलं आणि मला म्हणाली, लाव. मी बटण दाबलं. पंखा जरासा थरथरला आणि गप्प झाला. पुन्हा दाबलं, पुन्हा तेच.

आई जमिनीवर बसली. "देव बोलत नाय," ती म्हणाली, "म्हटला, ह्यो तरी बोलल."

माझं डोकं लवकर तापतं. मशीन आहे ते, देव नाही, असं मी तिला सुनावलं. वर हेही सांगितलं की आतल्या डिस्कला काही झालेलं नसणार, दादाचे सगळे फोटो मी उद्याच्या उद्या काढून देते. तिनं माझ्याकडे अशा नजरेनं बघितलं की मला लाज वाटली.

"फोटो मेलेल्यांचे बगतात," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी पडवीत बसून मी डबा उघडला. आधी नाकात सुकटीचा वास गेला. सगळ्या बोर्डावर काजळीचा चिकट थर होता. प्रोसेसरच्या शेजारी छोट्या पिंपांसारखे कपॅसिटर असतात. त्यांच्या पोटात ओलावा असतो आणि त्याच्यावरच त्यांचं काम चालतं. बहुतेकांची डोकी फुगली होती, काहींची फुटून तपकिरी पापुद्रे आले होते. असं उष्णतेनं होतं. मी वर माळ्याकडे बघितलं आणि मला सगळं कळलं. ओरडायला तोंड उघडलं होतं, तेवढ्यात दारात आई दिसली, पदराला हात पुसत उभी. मी तोंड मिटलं. माझ्या बाबतीत हे फार क्वचित घडतं.

काय सांगायचं होतं मी तिला? तू जीव लावून जपलंस आणि तुझ्या जपण्यानंच हा गेला? मी म्हटलं, जुना झालाय. पण उन्हाळ्यात चांगला चालणारा कॉम्प्युटर दसऱ्यापर्यंत एकाएकी जुना कसा होईल, हे तिलाही कळत होतं. मी खरं कारण लपवलं म्हणून तिच्या मनातलं कारण आणखी पक्कं झालं: दादाचं काहीतरी बरंवाईट झालं, म्हणून त्याचा कॉम्प्युटर बंद पडला. खरं सांगावं तर तिला अपराधी करायचं, न सांगावं तर पोराला मारायचं. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी माझी गत झाली. उपाय एकच होता, तो बोर्ड चालू करणं.

दादाच्या डब्यात त्यानं जुन्या टीव्ही आणि सेट-टॉप बॉक्समधून काढलेले कपॅसिटर होते. मी ते लावले. आई शेजारी लसूण सोलत बसली होती. बटण दाबलं तर पंखासुद्धा हलला नाही. नंतर मीटर लावून डब्यातला एकेक तपासला तेव्हा माझ्या अकलेची मलाच कीव आली. तो डबाही पावसाळाभर माळ्यावरच भाजला होता. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

त्या दिवसानंतर आईनं मोबाइल खिडकीत ठेवला. तोपर्यंत दादाचा फोन चुकू नये म्हणून तो कायम तिच्या कमरेला खोचलेला असायचा, विहिरीवर, गोठ्यात, देवळात. आता तो खिडकीत पडून राहू लागला. चार्जिंग संपलं तरी ती लावायची नाही. मी लावायला गेले की म्हणायची, कशाला वीज जाळतंस?

मी शहरातल्या भंगारवाल्या चाचांकडे चकरा मारायला लागले. चाचा दादाला चांगले ओळखत. बंद पडलेल्या सायबर कॅफेची मशीनं त्यांच्या शेडमध्ये रचलेली होती. कुठल्या बोर्डासाठी ते कळल्यावर त्यांनी शेडचं दारच उघडून दिलं आणि म्हणाले, लागेल ते काढ, मला विचारूसुद्धा नको. कुठलाही कपॅसिटर चालत नाही. आकडा जुळावा लागतो, जातही जुळावी लागते, आणि भंगारातला प्रत्येक जण आपलं अर्धं आयुष्य आधीच जगून आलेला असतो. तपासावं, फेकावं, पुन्हा काढावं. इकडे दादाच्या बोर्डाची भोकं जुन्या कथिलानं बुजलेली. एका ठिकाणी घाईत तांब्याचं कडंच उचकटून आलं, तिथं मी केसासारखी तार जोडून घेतली. रडत रडत जोडली, खोटं का सांगू. मनात एकच होतं, हा पुन्हा मेला तर आई दादाचं सुतक धरील.

मिरग, म्हणजे पुढचा पावसाळा, जवळ आला होता. एका दुपारी मी सगळं जोडलं आणि आईला हाक मारली. ती नको नको म्हणत आली आणि दाराशीच थांबली. मी बटण दाबलं. पंखा फिरला आणि फिरतच राहिला. एक बारीकसा आवाज झाला, पडद्यावर घड्याळ चुकल्याची तक्रार आली, मग दादानं जेटीवरून काढलेलं खाडीचं चित्र उघडलं. आईनं हात जोडले. मला फार बरं वाटलं आणि त्याच वेळी वाईटही, कारण त्या कपॅसिटरांना दादाची काहीच खबर नव्हती आणि आईला वाटत होतं की आहे.

मग ती म्हणाली, आता बंद कर, पाऊस तोंडावर आलाय, गोणपाट आणते, वर ठेवूया.

"चुलीवर नको," मी ओरडलेच. "चुलीच्या धगीनच ग्येला तो."

ती वळली. "म्हंजे माज्यामुळं बिगाडला?"

आता मागं फिरता येत नव्हतं. "हो."

"त्येचा काय झाला म्हनून नाय?"

"नाय. दादाचा काय संबंध नाय त्येच्यात."

मला वाटलं, आता ही कोसळणार. पण तिनं भिंतीला पाठ टेकली आणि कित्येक महिन्यांचा कोंडलेला श्वास सोडला. "बरा झाला गो बाय," ती म्हणाली. "माज्याच हातान झाला. बरा झाला." ज्याची मला इतकी भीती वाटत होती, तो अपराध तिनं आनंदानं पदरात घेतला. मी तेव्हाच, डबा उघडला त्या दिवशी, बोलले असते तर!

ती पडद्यावरच्या खाडीकडे बघत बसली. हळूहळू तिच्या चेहऱ्यावरचं समाधान ओसरलं आणि पुढचं काय येणार ते माझ्या लक्षात आलं.

"मग आता चालू झाला," ती म्हणाली, "तो पन तुज्याचमुळं."

खोटं बोलायची इतकी इच्छा मला आयुष्यात कधी झाली नव्हती. "हो," मी म्हटलं.

तिनं मान हलवली. उठून खिडकीतला मोबाइल घेतला, पदरानं त्याच्यावरची धूळ पुसली आणि माझ्या हातात दिला. म्हणाली, चार्जिंगला लाव.